‘माझ्या हातून व्हायचे नाही!’

आमच्या दवाखान्यात दिवसभर जी वाक्ये कानावर पडतात, त्यांत ‘डॉक्टर, अंगात कसकस आहे’ याचा पहिला नंबर. ‘गॅस झालाय’ हे दुसरे. तिसरे वाक्य मात्र कुठल्याच आजाराचे नाही आणि तरीही ते जवळजवळ प्रत्येक आजारात ऐकू येते. ‘ते काही माझ्याच्याने व्हायचं नाही.’ तंबाखू सोडा म्हटले की हे वाक्य येते, रोज अर्धा तास चाला म्हटले तरी येते, इन्सुलिन सुरू करू या म्हटले तर हमखास येते. शेजारी बसलेला नातेवाईक लगेच दुजोरा देतो, “स्वभावच आहे हो त्यांचा. स्वभावाला औषध नाही!”

इतकी वर्षे मी हे वाक्य ऐकून सोडून देत होतो. खोकल्याचे औषध लिहावे, रक्तदाबाची गोळी वाढवावी आणि पुढचा पेशंट बोलवावा. पण हळूहळू ध्यानात येत गेले की मी लिहिलेली निम्मी औषधे या एका वाक्यापाशी अडकून पडतात. तेव्हा आज ताप-खोकला बाजूला ठेवून, माणसाच्या मनात स्वतःविषयी ज्या समजुती घर करून बसतात, त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगाव्या म्हणतो.

एका वहिनींची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्यांचे यजमान एस.टी.तून निवृत्त झालेले, जुने मधुमेही. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. तोपर्यंत ते स्वतःचे इन्सुलिन स्वतःच टोचून घेत. घरात दोघेच. मुलगा पुण्याला नोकरीत. पहिले काही दिवस माझा कंपाउंडर सकाळ-संध्याकाळ जाऊन सुई देत होता, पण ही काही कायमची व्यवस्था नव्हे. मी वहिनींना म्हटले, “आता तुम्ही शिकून घ्या.” त्या खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, दुसरं काहीही सांगा. माझ्या हातून काही धड होत नाही. सगळं सांडतं नाहीतर फुटतं. हे तर औषध. मी त्यांना मारून टाकीन.”

ही नुसती भीती नव्हती. सुईची भीती सगळ्यांनाच असते आणि ती दोन-चार दिवसांत जाते. हे वाक्य त्या पाठ केल्यासारखे बोलल्या होत्या. मी विचारले, “हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं?” बराच वेळ त्या गप्प होत्या. मग सांगितले. वय वर्षे नऊ असताना थोरल्या बहिणीच्या लग्नात लाडवांचे ताट घेऊन जाताना ओट्यावरून पाय घसरला, आणि व्याह्यांच्या देखत ताट अंगणात पडले. त्या दिवसापासून घरात त्यांचे नाव पडले ‘सांडी’. माहेरी सांडी, मग सासरीही ते नाव आधीच जाऊन पोचलेले. कपबशी फुटली की सासूबाई म्हणायच्या, “सांडीच ती!” दुसऱ्या कुणाच्या हातून फुटली तर मात्र कपबशीच जुनी झालेली असे.

वाचकहो, इथे जरा थांबा. घडले काय होते? एका नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून एकदा एक ताट पडले. तिच्या मनात मात्र जे उतरले ते ‘माझ्या हातून ताट पडले’ असे उतरले नाही, ‘मी सांडणारी आहे’ असे उतरले. पहिले वाक्य एका दिवसाचे आहे आणि दुसरे आयुष्यभराचे. आणि गंमत अशी, की एकदा दुसरे वाक्य मनात बसले की मन वकिलासारखे वागू लागते, फक्त आपल्या बाजूचे पुरावे जमवते. पन्नास वर्षांत फुटलेली प्रत्येक कपबशी वहिनींच्या लक्षात होती. न फुटलेल्या कपबश्यांची मोजदाद कोण ठेवतो?

मी त्यांना विचारले, “तुमच्या आळीतल्या बाळंतिणी आणि त्यांची बाळं कोण न्हाऊ घालतं?” मला ठाऊक होते, कारण त्यातली अर्धी बाळे लशीसाठी माझ्याकडेच येत. त्या म्हणाल्या, “मीच.” “किती घातली असतील आजवर?” त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि अकरावर थांबल्या. दहा दिवसांचे, तेल लावलेले, बुळबुळीत, रडून लालबुंद झालेले मूल पायांवर घेऊन कढत पाण्याने न्हाऊ घालायचे! मला स्वतःला अजूनही ते धाडस होत नाही. मी म्हटले, “मग एखादं सांडलं का हातातून?” त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, “त्यात काय मोठंसं? ते सगळ्याच बायका करतात.”

हे जे झाले, त्याला मानसशास्त्रात नाव आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. ॲरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. २०२१ साली वयाच्या शंभराव्या वर्षी ते वारले. १९६०च्या दशकात उदासीनतेच्या रोग्यांशी बोलताना त्यांना आढळले, की या माणसांच्या मनात काही वाक्ये आपोआप, कुणी न बोलावता, झर्रकन येऊन जातात आणि माणूस ती तपासून न पाहताच खरी धरून चालतो. ही वाक्ये ठरावीक चुका करतात. एका प्रसंगावरून कायमचा निष्कर्ष काढायचा ही एक चूक. जे वाईट ते माझे आणि जे चांगले ते ‘त्यात काय मोठंसं’, ही दुसरी. वहिनींनी दोन्ही चुका माझ्यासमोर दहा मिनिटांत करून दाखवल्या. कमी शिकलेल्या आहेत म्हणून नव्हे. चांगले प्राध्यापक आणि वकीलही हेच करतात, फक्त शब्द भारी वापरतात.

बेक यांच्याही थोडे आधी, १९५५च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या डॉ. अल्बर्ट एलिस यांनी हीच वाट धरली होती. त्यांच्या पद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. तिची मराठी वाचकांना ओळख करून देण्याचे मोठे काम मुंबईचे किशोर फडके यांनी केले. त्यांचा एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. एलिस यांचे सांगणे अगदी व्यवहारातले आहे. घडलेला प्रसंग आणि आपल्याला होणारा त्रास, या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते. ती म्हणजे त्या प्रसंगाविषयीची आपली समजूत. आपल्याला वाटते, प्रसंगामुळे त्रास झाला. खरे म्हणजे मधली समजूत बदलली, तर तोच प्रसंग राहूनही त्रास निराळा होतो. प्रसंग आपल्या हातात नसतो, पण समजूत तपासणे पुष्कळसे आपल्या हातात असते.

एलिस यांनी ‘पाहिजेच’ या शब्दावर फार भर दिला. मला यश मिळावे ही इच्छा झाली, तिच्यात वावगे काही नाही. पण मला यश मिळालेच पाहिजे, लोकांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे, माझी चूक होताच कामा नये, असे म्हटले की इच्छेचा हट्ट होतो. मला वाटते, हे सगळे आपल्या मराठीतल्या एका ‘च’ मध्ये मावते. स्वतःशी बोलताना तो ‘च’ कुठे कुठे येतो ते एक दिवस मोजून पाहा. ‘मला कधीच जमत नाही’, ‘मीच असा करंटा’, ‘हे होणारच होते’. हा ‘च’ काढला की वाक्य खोटे पडते असे नाही, पण त्याची धार जाते. ‘मला जमत नाही’ यावर निदान पुढे बोलता तरी येते.

हे एलिस स्वतः तरुणपणी कमालीचे लाजाळू होते. अनोळखी मुलीशी बोलायचे म्हटले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी स्वतःला एक गृहपाठ दिला. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून दोन शब्द बोलायचेच. त्यांनी सांगितलेला हिशोब असा: १३० जणींच्या शेजारी ते बसले. तीस जणी लगेच उठून गेल्या. शंभर जणींशी काही ना काही बोलणे झाले. पुन्हा भेटायचे कबूल केले फक्त एकीने, आणि ती आलीच नाही! म्हणजे निकालाच्या दृष्टीने संपूर्ण नापास. पण त्यांच्या ध्यानात आले, की कोणी चाकू काढला नाही, कोणी पोलीस बोलावला नाही आणि आपण मेलो नाही. भीती गेली. (हा प्रयोग आजच्या तरुणांनी आपल्या गावच्या बागेत करू नये. बायाबापड्यांना निवांत बसू द्यावे. भीती घालवायला दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.)

या गोष्टीतला डॉक्टरी मुद्दा असा, की समजूत नुसत्या वादाने जात नाही. मी वहिनींना तासभर पटवून दिले असते, त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तेच म्हटले असते. समजुतीची परीक्षा घ्यावी लागते. तीही लहान, चुकले तरी नुकसान होणार नाही अशी, आणि आधी भाकीत लिहून ठेवून.

तेव्हा आम्ही मोसंबी आणली. परिचारिकांना पूर्वीपासून असेच शिकवतात. वाटीत साधे पाणी, इन्सुलिनची सिरिंज आणि मोसंबे. मी विचारले, “दहा वेळा टोचायचं. किती वेळा चुकेल?” त्या म्हणाल्या, “आठ वेळा.” ते कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहून घेतले. मग सुरुवात. पहिल्यांदा सुई वाकडी गेली. तिसऱ्यांदा दट्ट्या पूर्ण दाबायचा राहिला. बाकी आठ वेळा बरोबर. मी कागद पुढे केला. आठ आणि दोन हे दोन आकडे शेजारी शेजारी. त्या काही बोलल्या नाहीत, पण कागद घडी करून बटव्यात ठेवला.

आता ‘कोच’ या शब्दाबद्दल थोडे. आपल्याकडे कोचिंग म्हटले की बारावीच्या क्लासची पाटी डोळ्यांसमोर येते. अलीकडे लाइफ कोच म्हणून एक नवा व्यवसाय निघाला आहे आणि त्याची पत्रके आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसू लागली आहेत. या प्रकाराची एक मुळी टेनिसच्या मैदानात आहे. टिमोथी गॅलवे नावाचे अमेरिकन टेनिस-शिक्षक होते. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९७४ साली आले. त्यांना दिसले की खेळाडूचा निम्मा खेळ समोरच्याशी चालतो आणि निम्मा स्वतःच्याच डोक्यातल्या एका मास्तराशी. ‘मनगट वळव’, ‘पुन्हा चुकलास’, ‘गाढवा’, असे तो मास्तर एकसारखा ओरडत असतो. त्याला गप्प बसा म्हटले तर तो जास्तच ओरडतो. तेव्हा गॅलवे यांनी त्याला काम दिले. चेंडू जमिनीवर पडला की मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचे आणि रॅकेटला लागला की ‘फटका’. बस्स. चांगले-वाईट ठरवायचे नाही. मन पाहण्यात गुंतले की हात आपले काम करतो.

ही युक्ती मी वहिनींसाठी उचलली. त्यांना प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायला लावली. “बाटली तळहातात फिरवली. बूच पुसलं. वीस युनिट हवा आत सोडली. वीस युनिट औषध खेचलं. बुडबुडा नाही. पोटावर चिमूट धरली. टोचलं. दाबलं. एक, दोन, तीन...” दहापर्यंत मोजून मग सुई बाहेर. सिरिंज मात्र बाटलीच्या जोडीचीच हवी. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या मिलिलीटरला चाळीस युनिटच्या असतात, काही शंभरच्या. बाटली एका मापाची आणि सिरिंज दुसऱ्या मापाची झाली तर डोस चुकतो. हे केमिस्टकडेच बघून घ्यावे. टोचायची जागा रोज थोडी बदलावी. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. असो, इन्सुलिनवर स्वतंत्र लेख होईल.

आठवडाभर कंपाउंडर शेजारी उभा राहिला आणि सुई वहिनींनी दिली. मग तो जायचा बंद झाला. पंधरा दिवस सुरळीत गेले. आणि एका रात्री नऊच्या सुमारास फोन आला. आवाज कापत होता. संध्याकाळी सुई दिली, अर्ध्या तासाने जेवायचे, पण यजमानांनी ताट बाजूला सारले. पक्षाघातानंतर त्यांचे हे लहर लागणे सुरूच होते. थोड्या वेळाने दरदरून घाम आला आणि ते असंबद्ध बोलू लागले. वहिनींनी घरच्या यंत्रावर साखर पाहिली, ५८. सत्तरच्या खाली गेली म्हणजे कमी, एवढे मी सांगून ठेवले होते. माणूस शुद्धीवर आहे, गिळतो आहे, हे पाहून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली तर ८४. मग दूधभात भरवला. एवढे सगळे उरकून त्यांनी मला फोन केला होता, आणि पहिले वाक्य होते, “डॉक्टर, मी म्हटलं नव्हतं का? माझ्या हातून असंच होतं.”

जुनी समजूत अशी सहजासहजी घर सोडत नाही. ती कोपऱ्यात दबा धरून बसते आणि पहिली चूक झाली की बाहेर येऊन म्हणते, ‘बघा!’ लोक नेमके इथेच मागे फिरतात. तंबाखू वीस दिवस सोडलेला माणूस एकविसाव्या दिवशी एक चिमूट खातो आणि म्हणतो, ‘मी असाच, आपल्याला नाही जमायचं’, आणि पुडी पुन्हा खिशात. एका चिमटीने जेवढे बिघडले नसते, तेवढे या वाक्याने बिघडते.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा मी एकच विचारले, “काल चूक कुणाची झाली?” त्या म्हणाल्या, “माझी.” मी म्हटले, “नाही, माझी.” आणि ते खरे होते. ‘जेवणाआधी अर्धा तास सुई द्या’ एवढेच मी सांगितले होते. ज्या माणसाच्या जेवणाचा भरवसा नाही, त्याच्या बाबतीत स्वयंपाक तयार हवा, तो जेवणार हे आधी विचारून घ्यावे, नाही म्हणाला तर सुई देण्यापूर्वी मला फोन करावा, हे सांगायचे माझ्याकडून राहिले होते. मी त्यांना विचारले, “मी चुकलो, म्हणजे मी बेकार डॉक्टर झालो का?” त्या गडबडून म्हणाल्या, “छे, छे! एखादी गोष्ट राहते सांगायची.” मग दोन मिनिटे आम्ही दोघेही गप्प बसलो. दुसऱ्याला लावायचे माप आणि स्वतःला लावायचे माप किती वेगळे असते, ते त्यांना दिसले. मला वाटते, मोसंब्यापेक्षा जास्त काम त्या दिवशी झाले. यजमानांची सुई आजही त्याच देतात. घरात कपबश्या फुटतात त्या फुटतातच.

आता माझी स्वतःची गोष्ट. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत तिसऱ्या वाक्याला मी अडकलो. सभागृह हसले. खाली उतरल्यावर एक शिक्षक पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू आपला लिहिण्याच्या कामाचा रे, बोलणं तुझं काम नव्हे.” त्यांनी प्रेमाने सांगितले होते. पण पुढची पस्तीस-चाळीस वर्षे मी व्यासपीठावर चढलो नाही. डॉक्टरांच्या सभेत मागच्या रांगेत बसलो. शाळेने मुलींच्या रक्तक्षयावर बोलायला बोलावले तर ‘ओपीडी आहे’ म्हणून तरुण सहकाऱ्याला पाठवले. हा स्तंभ मी लिहितो त्यामागेही खरे कारण तेच आहे! वहिनींना मोसंब्याचे धडे देताना मला स्वतःचीच शरम वाटली. म्हणून महिला बचत गटाच्या बैठकीत बोलायचे कबूल केले. आधी वहीत लिहिले, ‘घसा कोरडा पडेल, विसरेन, बायका हसतील.’ घसा कोरडा पडला. एक मुद्दा विसरलोही. हसले कुणी नाही. मी विसरलो हे माझ्याखेरीज कुणाला कळलेच नव्हते. सात मिनिटांच्या भाषणानंतर पहिला प्रश्न आला, “लोहाच्या गोळीने शौचास काळं होतं, ते चालतं का?” (चालते.) वक्ता म्हणून माझी कीर्ती झाली नाही, होणारही नाही. पण पुढच्या वेळी ओपीडीचे कारण सांगितले नाही.

हे घरच्या घरी करता येते. एक साधी वही घ्यावी. ज्या क्षणी काही टाळले, माघार घेतली किंवा छातीत धस्स झाले, त्या क्षणी मनात कोणते वाक्य होते ते जसेच्या तसे लिहावे. सुधारून लिहू नये. एका आठवड्यात ध्यानात येते की वाक्ये फार नसतात, तीच दोन-तीन फिरून फिरून येतात. मग त्यांतले एक निवडून त्याची उलटतपासणी घ्यावी. हे मला कोणी सांगितले, माझे वय तेव्हा काय होते, याच्या विरुद्ध जाणारे माझ्याच आयुष्यातले काय काय आहे आणि ते मी ‘त्यात काय मोठंसं’ म्हणून कुठे फेकून दिले. माझ्या मुलीने हेच वाक्य स्वतःविषयी म्हटले असते, तर मी तिला काय सांगितले असते? आणि शेवटी एक लहान परीक्षा, भाकितासह. हे सगळे मन लावून ऐकणारा एखादा माणूस जवळ असला तर फार बरे पडते. तो मित्र असो, शिक्षक असो की तुमचा डॉक्टर. त्याने उपदेश करू नये, प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी. चांगला कोच म्हणजे याहून वेगळे काही नाही.

पण पैसे घेऊन हे करणाऱ्यांबाबत जरा सावध असावे. कोच म्हणवून घ्यायला आपल्या देशात कुठली सरकारी नोंदणी लागत नाही. उद्या मीही पाटी लावू शकतो. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस नंतर पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारून घ्यावी. दोन दिवसांत आयुष्य पालटून देतो म्हणणारा, मोठ्या हॉलमध्ये टाळ्या वाजवून घेणारा, चालू गोळ्या बंद करायला सांगणारा, आणि गुण आला नाही तर ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे म्हणणारा कोणी भेटला तर नमस्कार करून घरी यावे. निखाऱ्यांवरून चालवणारेही आहेत. त्यानंतर पाय पोळलेले लोक आमच्याकडे येतात, आणि मधुमेह्यांच्या पायाची जखम किती दिवस चालते हे मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सगळ्याच ‘मला जमत नाही’ला समजूत म्हणू नये. गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा आणला होता. ‘गणितात याचं डोकं चालत नाही, मागच्या बाकावर बसतो, उतरवूनही घेत नाही.’ मुलगाही तेच म्हणत होता. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला तर वरच्या दोन ओळींपुढे गाडी जाईना. चष्मा लागला, उणे अडीच. फळाच दिसत नव्हता, तर गणित कुठून जमणार? काही मुलांना वाचन-लेखनाचा विशिष्ट अक्षमतेचा त्रास असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. अशा मुलाला ‘मनावर घे’ म्हणणे हा अन्याय आहे. बायकांच्या बाबतीत ‘माझ्यात काही दमच नाही’ असे ऐकले की मी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतो. हिमोग्लोबिन आठ असेल तर तिला आत्मविश्वास नव्हे, लोह हवे.

तसेच, दारिद्र्य ही समजूत नव्हे. दिवसभर खुरपणी करून घरी आल्यावर पाणी भरणारी बाई ‘मला चालायला वेळ नाही’ म्हणते, तेव्हा ती अक्षरशः खरे बोलत असते. नवऱ्याचा मार खाणारीला ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ सांगणे तर पापच. जातीवरून, रंगावरून, मुलगी म्हणून ज्यांना लहानपणापासून ‘तुझ्याने होणार नाही’ सांगितले गेले, त्यांच्या मनातले वाक्य त्यांनी स्वतः लिहिलेले नाही. ते तपासायचे जरूर, पण सांगणाऱ्यालाही जाब विचारायला हवा.

आणि उदासीनतेचा आजार ओळखावा. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत खिन्न, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, ‘मी निरुपयोगी, माझं ओझं झालंय’ असे विचार, जगू नये असे वाटणे, यांपैकी बरेच असेल तर वही-पेन्सिलवर विसंबू नये. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. बेक यांची पद्धत त्यावरही चालते, पण ती तज्ज्ञाच्या हाताखाली, आणि गरज पडल्यास गोळ्यांच्या जोडीने. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभागाची चौकशी करावी. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ गेल्याचे कुणी पाहील याची भीती वाटत असेल, तर आधी नेहमीच्या डॉक्टरला सांगावे. चिठ्ठी तो देईल.

राहता राहिली स्वभावाची गोष्ट. मुळात माणूस शांत असतो किंवा तापट, बोलका असतो किंवा अबोल, ते फारसे बदलत नाही आणि बदलायची गरजही नसते. मी अबोलच आहे आणि तसाच राहणार. परंतु ‘अबोल आहे’ हा स्वभाव झाला, आणि ‘मला बोलता येत नाही’ हे आठवीतल्या सभागृहातले हसू झाले. पहिल्याला औषध नाही हे मला मान्य. दुसऱ्याबद्दल कुणी तसे म्हणू लागले की मी मोसंबी आणायला पाठवतो.

पुढील आठवड्यात: इन्सुलिनविषयीचे गैरसमज. वाचकांनी आपले प्रश्न पोस्टाने किंवा कार्यालयात आणून द्यावेत. नाव छापले जाणार नाही.